दांडीचे बूट

मोहिनी जन्मली तेव्हा तिचा डावा पाय आधी सिंधूच्या सासूने पाहिला. सिंधू अजून बाजेवर डोळे मिटून पडलेली होती. पद्माबाईने लेकरू कोमट पाण्याने धुतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि ते इवलं पाऊल तळहातावर घेऊन बसली. तळवा आत वळलेला, टाच वर ओढलेली. जणू पाऊल आपल्याच पोटात तोंड खुपसून निजलेलं.

"काय झालं आत्याबाई?" सिंधूने विचारलं.

"काय न्हाई. लक्षुमी हाय. पाऊल जरा लाजून राहिलंय."

गल्लीतल्या बायांनी लगेच ग्रहण शोधून काढलं. सिंधूने ग्रहणात विळी हाती धरली असणार, दुसरं काय. पद्माबाईने दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं, "त्या दिवशी समद्या गावानं भाजी चिरली. मग ते ग्रहण माझंच घर हुडकत आलं का गं?"

मोहिनीचा बाप, प्रभू, बाजेपाशी आला, पाय पाहिला आणि म्हणाला, "पोरीची जात. चालंल तशी चालंल."

"कोकरू लंगडं निघालं तर मांडीवर घेऊन बसतूस," पद्माबाई म्हणाली, "अन् ही कोण लागती रे तुझी?"

प्रभू मान खाली घालून मेंढरांकडे निघून गेला. तो वाईट माणूस नव्हता. अवघड गोष्ट समोर आली की त्याला मेंढरं आठवायची, एवढंच.

डोंगरकडा गावाच्या अलीकडे माळाला टेकून धनगरांची ती वस्ती होती. तिथल्या अंगणवाडीच्या सत्यशीलाताईंनी नांदेडच्या मोठ्या दवाखान्याचं नाव सांगितलं आणि दर आठवड्याची वारंगा फाट्याची जीप सुरू झाली. फाट्यावरून पुढे एसटी. लेकराच्या पायाला पलिस्तर चढायचं, पुढच्या खेपेला ते सोडून पाऊल थोडं सरळ करून नवं चढायचं. सिंधूला आई नव्हती. प्रभू एकदाही आला नाही. प्रत्येक खेपेला आली ती पद्माबाई. जीपमध्ये जागा नसली तर टपावरच्या पोरांना शिव्या देऊन आत घुसायची, दवाखान्यात रांगेत पुढे सरकायची, पलिस्तर चढताना लेकराचे दोन्ही हात धरून तोंडात साखरेचं बोट द्यायची. टाचेमागची शीर सैल करायला डॉक्टरीणबाईने बारीकसं पातं हाती घेतलं तेव्हा सिंधू पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. आत उभी राहिली ती पद्माबाईच.

म्हणून सिंधूने मनातल्या मनात सासूला एक जागा दिली होती. नवऱ्याच्या वरची.

शेवटचं पलिस्तर निघालं तेव्हा पाऊल पावलासारखं दिसत होतं. डॉक्टर अपर्णा वयाने सिंधूएवढीच होती, पण डोळ्यांवर चष्मा आणि बोलण्यात चाबूक. तिने टेबलावर चामड्याचे दोन चिमुकले बूट ठेवले. दोन्ही बूट एका आडव्या दांडीला नटांनी आवळलेले.

"आता खरं काम तुमचं," ती म्हणाली. "आधी तीन महिने चोवीस तास. मग झोपेत, रात्रीच्या आणि दुपारच्या. चार वर्षांची होईपर्यंत. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. हा पाय जुनी जागा विसरत नाही, बाई. मोकळा सोडलात की परत जातो."

सिंधूने ते शब्द घोकून ठेवले. पद्माबाई मात्र बुटांकडे बघत राहिली.

"दोन्ही पाय बांधायचे?" तिने विचारलं. "चांगला बी?"

"दोन्ही. त्याशिवाय वाकड्याला धरणार कोण?"

परतीच्या जीपमध्ये पद्माबाई एक शब्द बोलली नाही. सिंधूला वाटलं, ऊन लागलं असेल.

तीन महिने सिंधूने बूट घातले, नंतर झोपेतले घातले. मोहिनी रडली, दांडी आपटली, मग तिला सवय झाली. जन्माला वर्ष उलटून चार महिने झाल्यावर ती भिंत धरून उभी राहिली आणि एका सकाळी भिंत सोडून चुलीपर्यंत आली. दोन्ही पावलं जमिनीला सपाट. पद्माबाईने तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि सिंधू चुलीपुढे बसून हसता हसता रडली. भाकरी करपली त्या दिवशी. प्रभूने ती न बोलता खाल्ली.

*

त्याच्या पुढच्या साली पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो आलाच नाही. माळावरचं गवत टाचेएवढं होऊन वाळलं. एरवी मेंढरं दिवाळी करून बाहेर निघायची; त्या साली दिवाळीचा दिवा लागायच्या आत निघायची वेळ आली. कनेरगाव नाक्याकडे विहिरीचं पाणी असलेली रानं होती. तिथले शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेत.

दर साली प्रभूसोबत त्याचा धाकटा भाऊ बजरंग असायचा. यंदा बजरंगने वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानात हात काळे करायचं ठरवलं होतं. "मला मेंढराच्या मागं जायचं न्हाई," त्याने सांगितलं. "मेंढरापेक्षा ट्रक बरा. हवा भरली का गप्प जातो."

मेंढ्या व्यायला आलेल्या. एकट्या माणसाचं ते काम नव्हतं. प्रभूने सिंधूकडे पाहिलं.

"मोहिनीला घेते संगं," सिंधू म्हणाली.

"पालात?" पद्माबाई म्हणाली. "थंडीत? ते बूट कोरडे ठेव म्हणली ना ती चष्मेवाली? वल्या गवतात, लेंड्यात कसे ठिवशील? माझ्यापाशी राहू दे. मी घालीन की."

लेकरू अंगावरचं सुटलं होतं, आजीच्या कुशीतच निजायचं. तरी सिंधूचा जीव होईना.

तिने सासूला पुढ्यात बसवून शिकवलं. आधी टाच खाली बसली का ते बुटाच्या मागच्या भोकातून बघायचं. मग मधला पट्टा. मग नाड्या. डाव्या बुटाचं तोंड बाहेरच्या अंगाला. तिने पद्माबाईकडून ते तीनदा करून घेतलं. म्हाताऱ्या बोटांनी तीनदाही नीट केलं.

"बराबर?" पद्माबाईने विचारलं.

"बराबर."

आन घ्यायला लावायचं सिंधूच्या मनातही आलं नाही. परक्याला आन घालतात.

*

कनेरगावच्या अंगाला थंडी अशी पडली की सकाळी पालाचं कापड ताठ व्हायचं. उजाडायच्या आत उठायचं, व्यालेल्या मेंढ्या वेगळ्या काढायच्या, उभं राहता येत नाही त्या कोकरांना आईच्या सडाला लावायचं, मग भाकरी. भाकऱ्या थापता थापता सिंधूचे तळहात धुरकट व्हायचे आणि त्याच हातांनी कोकराच्या नाकातला चिकटा काढावा लागायचा. दुपारी कळप चरायला गेला की पाण्याचे हंडे. सांज झाली की वाघर लावायची. वाघर म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण. मेखा ठोकायच्या आणि दोरीने जाळी ताणून बांधायची.

बांधायचं काम प्रभूचं. त्याची गाठ सगळ्या धनगरांत ओळखू यायची. एक पेच उलटा, एक सुलटा, आणि उरलेलं टोक वळवून आत खुपसलेलं, मेंढराच्या तोंडाला टोचू नये म्हणून. बजरंगला ती कधी जमली नाही, सिंधूलाही नाही. "हाताला मेंदू पाहिजे," प्रभू म्हणायचा. तेवढा एकच मोठेपणा तो कधीमधी मिरवायचा.

तो हातच सिंधूला आवडला होता, लग्नाच्या पहिल्या साली.

शेतमालक बंडोपंत सकाळी मफलर गुंडाळून बांधावर यायचे आणि लेंड्या कुठे जास्त, कुठे कमी पडल्या ते बघून कुरकुरायचे. "बाई, त्या कोपऱ्यात काल कुणी बसलंच नाही वाटतं."

"सांगते त्यायला," सिंधू म्हणायची. "आज पंतायच्या कोपऱ्यात बसा म्हणते."

हसता हसता मनात मात्र सांज व्हायची. मोहिनी आता निजली असेल. बूट घातले असतील. टाच बसली असेल ना? वस्तीवर किराणा दुकानात एक फोन बसला होता. सिंधूने एकदा नाक्यावरून लावून पाहिला. दुकानदार म्हणाला, "म्हातारी रानात गेली." पुढे खरखर आणि मग काहीच नाही.

संक्रांतीला प्रभू ज्वारी आणायला घरी निघाला. सिंधूने त्याच्या पिशवीत फडक्याची एक पुडी ठेवली. पहिल्यांदाच कातरलेल्या पिल्लाची लोकर, हातात धरली तर हवेसारखी. कातरायला प्रभूने पाय बांधले तेव्हा ते पिल्लू ओरडून ओरडून थकलं होतं. सिंधूने मग ती लोकर दोनदा धुऊन, उन्हात वाळवून, काटे वेचून ठेवली होती.

"पट्ट्याखाली घाला म्हणावं. लेकराची कातडी कोवळी हाय, काचत असंल."

"घालतो की."

तो दोन दिवसांनी परत आला. सिंधू कोकराला पाजत होती. तिने उठायच्या आधीच विचारलं, "बूट?"

प्रभूने ज्वारीचं पोतं घोडीवरून उतरवलं, पाठ सरळ केली.

"घालूनच निजली व्हती. आईनं पक्के बांधले व्हते. मी टिचकी मारून बगितली दांडीला, खण्णकन वाजली."

"अन् लोकर?"

"लावली. मी सोताच लावली."

सिंधूच्या हातातून कोकरू निसटलं आणि तिच्या लक्षातही आलं नाही. मी सोताच लावली. प्रभूने, ज्याने तो पाय कधी हातात घेतला नव्हता. त्या सांजेला तिने त्याच्या ताटात भाकरीवर तुपाचा जास्तीचा गोळा टाकला. नंतरचे कितीतरी दिवस ती हंडा घेऊन चालता चालता ते घोकायची. टिचकी मारली, खण्णकन वाजली. तेवढ्यावर थंडी निघाली.

*

शिमग्याच्या आधी कळप घरी वळला. वस्ती दिसायला लागली तशी सिंधू मेंढरांच्या पुढे झाली. पिंपळाच्या पारापाशी लेकरं खेळत होती. लांबून तोंडं ओळखू येत नव्हती, पण मेंढरांच्या मागे चालणाऱ्या बाईला तोंडं लागत नाहीत. दोनशे पायांतून एक पाय चुकला तरी तिला कळतो. त्या लेकरांतलं एक पळताना डावीकडे पडत होतं. पडत होतं, सावरत होतं, पुन्हा पडत होतं.

सिंधू थांबली. मागची मेंढरं तिच्या अंगावर आली, दोन्ही बाजूंनी वाट काढून पुढे गेली.

मोहिनीने आईला ओळखलं नाही. ती घराकडे पळाली. धुळीत तिची पावलं उमटली होती: एक पूर्ण, पाच बोटांचं; दुसरं नुसती बाहेरची कड, विळीच्या पात्यासारखी.

पद्माबाई दारात पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती, ओवाळून टाकायला. सिंधूने तुकडा ओवाळू दिला. पाणी पायावर पडू दिलं. मग म्हणाली, "बूट कुठं हायत?"

"आधी बैस तर. घोटभर च्या..."

"आत्याबाई, बूट."

बूट देवळीत होते, खंडोबाच्या टाकाशेजारी. दांडी नव्हती. नुसते दोन बूट, जवळजवळ ठेवलेले, टाचेला टाच. चामडं वाळून कडक झालेलं, आणि त्यांच्या नाकांवर हळदीकुंकू. एकावर एक, रोज लावलेलं, जाड खपली धरलेलं. पुढ्यात वाळका झेंडू.

सिंधूला आधी काही कळेचना. मग कळलं.

"पूजा केली तुमी त्यायची?"

पद्माबाई भिंतीला टेकून खाली बसली. "चार दिवस घातले, बाई. माझ्या गळ्याची आन. पाचव्या दिवशी ती अशी वरडली... लेकरावानी न्हाई, कोकरावानी वरडली. बें बें. तूच सांग, आपल्यात पाय बांधलेलं जनावर कवा दिसतं? कातरताना, न्हाईतर खाटकाच्या गाडीत. म्या जलमभर बगितलं ते. पाय बांधले का जनावराचा जीव डोळ्यात येतो. हिचा बी आला व्हता. डोळ्यात."

"मग मला सांगायचं."

"तू येऊन बांधले असते."

"व्हय! बांधले असते!"

"म्हून न्हाई सांगितलं," पद्माबाई अगदी साधेपणी म्हणाली. "पर पाप लागंल म्हून रोज पाया पडून राहिले मी त्या बुटायच्या. म्हणलं, बाबांनो, रुसू नका. हिचा पाय सांभाळा."

मोहिनी आजीच्या मागे लपून या परक्या बाईकडे बघत होती. सिंधूने हात पुढे केला तशी तिने आजीच्या लुगड्यात तोंड घातलं.

सिंधू बाहेर आली. अंगणवाडी सुटली होती. सत्यशीलाताई कडी लावून येत होत्या. त्यांनी सिंधूचा चेहरा पाहिला आणि पाऊल हळू केलं.

"ताई, तुमाला ठाऊक व्हतं?"

"म्हातारीला मी दोनदा बोलले गं. मला म्हणाली, माझ्या घरात पाय घालू नको." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मग संक्रांतीला प्रभूलाच गाठलं पारापाशी. म्हटलं, सिंधूला सांग, पाय परत आत निघाला. म्हणाला, सांगतो ताई. आजच सांगतो." मग त्यांनी विचारलं, "सांगितलं नाही का?"

सिंधूने मान हलवली. हो की नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं.

*

प्रभू परसात कोकरं आत घालत होता. घराच्या मागे पिल्लांसाठी तुरीच्या तुऱ्हाट्यांचा एक खुराडा होता, त्याला फळीचं दार. आधी त्या दाराला दगड लावायचे. आता दाराला अडसर होता. हातभर लांबीची, चपटी, दोन्ही टोकांना भोकं असलेली दांडी. एका भोकातून तार ओवून ती चौकटीला बांधलेली, दुसरं टोक खोबणीत बसणारं. छान बसत होती. कुणीही म्हणावं, याच कामासाठी केली होती.

सिंधू खाली बसली. तार बघितली. एक पेच उलटा, एक सुलटा, टोक वळवून आत खुपसलेलं. तारेखाली, दांडी घसरू नये म्हणून, काहीतरी भरलेलं होतं. मळकं, शेणाने काळपट झालेलं. तिने बोटाने उकरलं. आतून पांढरी लोकर निघाली, हवेसारखी.

लावली. मी सोताच लावली.

तो खोटंसुद्धा बोलला नव्हता, एवढ्यापुरतं.

"ते पडूनच व्हतं," मागून प्रभू म्हणाला. त्याच्या दोन्ही काखांत दोन कोकरं होती. "आईनं कवाच काढून टाकलं व्हतं. पिल्लं भाईर निघायची, कुत्र्यायनं एक नेलं व्हतं. म्हून लावलं."

"खण्णकन वाजली म्हणले तुमी."

त्याने काखेतलं कोकरू सावरलं.

"एवढं कशाला म्हणायचं? घातलेत बूट, एवढं म्हणले असते तरी भागलं असतं. टिचकी काहून मारली?"

"तू इचारलं तशी तोंडात आलं." त्याने कोकरं खाली सोडली. "अन् खरं सांगितलं असतं तर तू एक रोज तरी थांबली असती का? निम्म्या मेंढ्या व्यायच्या व्हत्या. एकट्यानं काय केलं असतं मी? निम्मी पिल्लं मेली असती."

"किती मेली?"

"न्हाई मेली. तू व्हतीस ना."

हे त्याने कौतुकाने म्हटलं. तेच वाईट होतं.

*

नांदेडला सिंधू एकटीच निघाली होती, पण मोहिनी आजीचं बोट सोडेना, म्हणून पद्माबाईही जीपमध्ये बसली. या खेपेला तिने कुणाला शिव्या दिल्या नाहीत. वारंगा फाट्यावर बजरंग टायरच्या दुकानातून धावत आला, पुतणीला बिस्किटाचा पुडा दिला, दोघींच्या मध्ये रिकामी सोडलेली जागा पाहिली आणि काही न विचारता परत गेला.

डॉक्टर अपर्णाने मोहिनीला फरशीवर चालवलं. एकदाच. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"किती दिवस बूट घातले नाहीत?"

सिंधूने बोटांवर महिने मोजले.

"मी सांगितलं होतं की नाही? इतक्या छान पायाची तुम्ही माती केलीत. आता परत पहिल्यापासून पलिस्तर. हाडं पहिल्यासारखी मऊ राहिली नाहीत. नाही वळलं तर मोठं ऑपरेशन, आणि त्यानंतरही कसा राहील मी सांगू शकत नाही." ती सिंधूकडे वळली. "आई ना तुम्ही? मग घालत कोण होतं बूट? लक्ष कुठं होतं तुमचं?"

रांगेतल्या बाया माना वर करून बघायला लागल्या. एकीने आपल्या लेकराचा पाय पदराने झाकला.

सिंधूने सासूकडे पाहिलं. तिला फार काही नको होतं. पद्माबाईने एवढंच म्हणायचं होतं, की मी होते. जी बाई ग्रहणाच्या गोष्टीवरून अख्ख्या गल्लीशी भांडली, तिला ते दोन शब्द जड नव्हते. सिंधूने वाट पाहिली. पद्माबाईने मोहिनीच्या झबल्याचं बटण लावलं. लावलेलंच होतं ते; तिने सोडलं आणि पुन्हा लावलं.

"माझंच लक्ष नव्हतं," सिंधू म्हणाली.

पलिस्तर चढताना मोहिनीचे हात धरायला पद्माबाई सवयीने पुढे आली. सिंधू मध्ये उभी राहिली. "मी धरते." या वेळी ती बाहेर गेली नाही. पाऊल दाबून सरळ करताना लेकराने जी किंकाळी मारली ती तिने अंगावर घेतली. डॉक्टर अपर्णाचा आवाज शेवटी जरा उतरला. "दर आठवड्याला आणा. आणि ते बूट, दांडी ठेवलीय ना? बूट लहान होतील, मोठे देऊ. दांडी तीच चालेल. पुढच्या वेळी घेऊन या."

परतीच्या वाटेवर मोहिनी पलिस्तरच्या पायासकट सिंधूच्या मांडीवर झोपली. थकून झोपली, ओळखून नव्हे. पद्माबाईने हळूच पलिस्तरवर हात ठेवला. सिंधूने तो उचलून बाजूला केला. झटकला नाही, एखादी वस्तू जागच्या जागी ठेवावी तसा ठेवला.

"सिंधू," पद्माबाई म्हणाली, "तिथं माझी जीभच उचलंना बाई."

"राहू द्या."

"तू सांगायचं व्हतं."

"मी काहून सांगू?" सिंधू खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला आई न्हाई, आत्याबाई. जिला आई मानली तिचं नाव चारचौघात कसं घेऊ?"

पद्माबाईने पदर डोळ्यांवर ओढला. जीप डोंगरकड्याला पोचेपर्यंत तो तसाच होता.

*

घरी आल्यावर सिंधूने मोहिनीला ओसरीवर घोंगडीवर बसवलं आणि मुसळापाशी ठेवलेली पक्कड घेतली. परसात प्रभू घोडीला खोगीर घालत होता. दोन दिवसांत कळप पुन्हा हलवायचा होता, वसमतच्या कालव्याकडे.

"काय म्हणली डॉक्टरीण?" त्याने विचारलं.

सिंधू खुराड्यापाशी गेली. गाठ सोडवायचा प्रयत्न तिने केला नाही. ती तिला कधीच सुटली नव्हती. पक्कडीने तार तोडली. दांडी हातात आली, तिच्यासोबत लोकरीचा काळा बोळा. दार आपोआप उघडलं.

आधी एक कोकरू बाहेर आलं, थबकलं, हवा हुंगली. मग सगळीच. पांढरी, काळी, तपकिरी, एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारत परसातून बोळात आणि बोळातून गल्लीत.

"अगं ए! दार!" प्रभू ओरडला. खोगीर टाकून तो त्यांच्या मागे धावला, एक पकडलं तर दोन सुटली. "धर की! बघत काय राहिली? आता दाराला काय लावू मी?"

"गाठ लावा," सिंधू म्हणाली. "लई चांगली येती तुमाला."

"अन् वसमतला?"

"मी न्हाई येत."

"एकट्यानं कसं व्हईल?"

ती दांडी घेऊन वळली. ओसरीच्या पायरीवर बसली. पद्माबाई चुलीतली राख पितळीत घेऊन आली आणि दोन हात अंतरावर ठेवून मागे सरली. सिंधूने राख घेतली. दांडी मांडीवर आडवी धरली आणि नारळाच्या काथ्याने घासायला लागली. शेण निघालं, कोंबड्यांची सुकलेली शीट निघाली, तारेचा गंज निघाला. भोकं तिने काडीने कोरून साफ केली. गल्लीत प्रभूच्या हाका, बायांचं हसणं आणि पिल्लांचं ओरडणं एकच झालं होतं.

मोहिनी घोंगडीवरून सरकत सरकत, जड पाय ओढत पायरीपर्यंत आली. चकाकायला लागलेल्या दांडीकडे तिने पाहिलं. मग कुणी शिकवल्यासारखी बोट वळवून टिचकी मारली.

बद्द.

सिंधूचा हात थांबला. तिने स्वतः मारून पाहिली. एकदा, मग नखाने जोरात. ओल्या लाकडासारखा आवाज. ही दांडी वाजणारी नव्हतीच. दीड वर्षाहून जास्त तिच्याच हातात होती, सकाळ-संध्याकाळ, आणि एकदाही ती खण्णकन वाजली नव्हती.

"बद्द," मोहिनी म्हणाली आणि पहिल्यांदाच आईच्या तोंडाकडे बघून हसली.

"व्हय, माय," सिंधू म्हणाली. "बद्द."

आणि तिने पुन्हा राखेत हात घातला.